दिशा सांगणारे दोन आकडे

गेल्या जानेवारीत धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिबिरासाठी गेलो होतो. मधल्या सुट्टीत नववीतली दोन मुले मला संगणकाच्या खोलीत घेऊन गेली. त्यांनी एक खेळ तयार केला होता. किल्ल्याच्या तटावर एक मावळा पहारा देतो आहे. जॉयस्टिकची दांडी ज्या बाजूला ढकलावी त्या बाजूला त्याने तोंड करायचे आणि चालू लागायचे, एवढीच अपेक्षा. दांडी उजव्या अर्ध्या भागात असेपर्यंत सारे ठीक होते. ती डावीकडे कलली, की मावळा गर्रकन फिरून नेमका उलट दिशेला पाहू लागे.

“सर, शत्रू वर डावीकडून येतोय आणि आमचा गडी खाली उजवीकडं बघतोय,” त्यांतला एक म्हणाला. “सूत्र तर बरोबर आहे. पुस्तकातून तीनदा तपासलं.”

सूत्र खरोखरच बरोबर होते. तरीही उत्तर चूक येत होते. असे का व्हावे याचा शोध घेताना मला आठवण झाली ती तिथून फार लांब नसलेल्या एका गावाची आणि तिथल्या एका दगडावर कोरलेल्या आठशे वर्षांपूर्वीच्या लेखाची. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रश्न काय आहे?

जॉयस्टिकच्या दांडीखाली दोन बदलते विद्युतरोध बसवलेले असतात. एक दांडीचे डावे-उजवे कलणे मोजतो, दुसरा पुढे-मागे कलणे. त्यामुळे संगणकाला दांडीची दिशा कधीच कळत नाही; त्याला कळतात फक्त दोन आकडे. शाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या अर्डुइनो पाटीवर हे आकडे ० ते १०२३ यांच्या दरम्यान येतात आणि दांडी सरळ उभी असताना दोन्ही साधारण ५१२ असतात. हा मधला आकडा वजा केला, की डावे म्हणजे ऋण, उजवे म्हणजे धन. वर म्हणजे धन, खाली म्हणजे ऋण, असे दोन चिन्हांकित आकडे हाती येतात. त्यांना ‘क्ष’ आणि ‘य’ म्हणू.

समजा, दांडी वर डावीकडे ढकलली आणि सोयीच्या मापात क्ष = –४० व य = ३० असे आकडे आले. मुलांनी दहावीच्या त्रिकोणमितीतला मार्ग धरला. कोनाचा टॅन म्हणजे य भागिले क्ष. म्हणजे ३० भागिले –४०, उत्तर –०.७५. ज्या कोनाचा टॅन –०.७५ आहे तो कोन संगणकाने सांगितला: उणे ३६.८७ अंश. उजवीकडच्या आडव्या रेषेपासून उणे ३७ अंश म्हणजे खाली उजवीकडे. मावळ्याने आज्ञा पाळली, बिचाऱ्याचा काय दोष?

आता दांडी खरोखरच खाली उजवीकडे ढकलली असती तर? क्ष = ४०, य = –३०. भागाकार पुन्हा –०.७५. दोन परस्परविरुद्ध दिशांचा भागाकार एकच येतो. उणे कोणाच्या वाट्याचे होते, वरच्या आकड्याच्या की खालच्या, ही माहिती भागाकार करताक्षणी पुसली जाते. एकदा पुसलेली माहिती पुढचे कितीही अचूक गणित परत आणू शकत नाही. शिवाय दांडी सरळ वर ढकलली तर क्ष शून्य होतो आणि शून्याने भागण्याची आपत्ती येते, ती वेगळीच.

तेव्हा प्रश्न असा: आडवे अंतर आणि उभे अंतर दिले असता, चारही बाजूंना लागू पडेल अशी एकच दिशा कशी काढायची? खेळ लिहिणाऱ्यांच्या कितीतरी आधी हा प्रश्न सूर्याच्या सावलीने विचारला होता.

पाटणचा मठ

चाळीसगावच्या दक्षिणेला सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे ठिकाण आहे. पाटणादेवीचे मंदिर म्हणून खानदेशातल्या लोकांना ते परिचित आहे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला आणि पुढे कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात संपादित केला.

लेख यादव राजा सिंघण याच्या काळातला आहे. सिंघणाच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. लेखात त्याच्या घराण्याची वंशावळ दिली आहे: भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, स्वतः भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि त्यांचे इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने पाटणला मठ स्थापन केला. त्या भागावर राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने इ.स. १२०७ मध्ये, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी या मठाला दान दिले. ग्रहगणित शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणाच्या मुहूर्तावर देणगी मिळावी, हा योग मोठा समर्पक म्हणायचा! लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण दानाचा तपशील येतो तिथे भाषा मराठी होते. पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला दिला, असे तो सांगतो. म्हणजे बाजारहाट करणाऱ्या सामान्य माणसांच्या पैशावर इथे त्रिकोणमिती शिकवली जात होती.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातले विज्जडविड, असे ते सांगतात. ते गाव नेमके कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते ते पाटणच्याच जवळ असावे. गाव कोणतेही असो, त्यांचे ग्रंथ खानदेशात शिकवले जात होते याला मात्र दगडाचा पुरावा आहे.

तीन प्रश्न आणि एक काठी

सिद्धान्तग्रंथांमध्ये ‘त्रिप्रश्न’ नावाचा एक अधिकार, म्हणजे अध्याय असतो. तीन प्रश्न कोणते? दिशा, स्थळ आणि काळ. तिन्हींची उत्तरे काढायची ती उभ्या काठीच्या, म्हणजे शंकूच्या सावलीवरून. शंकूची उंची प्रघाताने १२ अंगुळे.

दिशा ठरवण्याची जुनी रीत आपण मुलांना सहज करून दाखवू शकतो. सपाट जमिनीवर काठी रोवावी, तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते तिथे एक खूण करावी, दुपारनंतर ते बाहेर पडते तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. (दिवसभरात सूर्य थोडा उत्तर-दक्षिण सरकतो, त्यामुळे काटेकोर कामासाठी बारीकशी दुरुस्ती करावी लागते.) काठीच्या बुंध्यातून या रेषेला समांतर रेषा काढली, की मैदानावर आपली आडवी रेघ तयार झाली.

शिबिरात आम्ही पहिल्या दिवशी हेच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी सावलीचे टोक मोजले. आकडे पूर्ण करून सांगायचे तर, एक वीत उंचीच्या काठीची सावली ५० सेंटिमीटर लांब होती आणि तिचे टोक बुंध्यापासून पश्चिमेला ४० आणि उत्तरेला ३० सेंटिमीटरवर होते. मी मुलांना विचारले, “हे आकडे कुठे पाहिल्यासारखे वाटतात का?” क्षणभर शांतता. मग कालचा तो मुलगा ओरडलाच, “सर, ही तर जॉयस्टिक!”

अगदी खरे. काठीचा बुंधा म्हणजे दांडीची मधली स्थिती, सावलीचे टोक म्हणजे ढकललेली दांडी. सिद्धान्तग्रंथांत पूर्व-पश्चिम रेषेपासून सावलीच्या टोकाच्या उत्तर-दक्षिण अंतराला ‘भुज’ म्हणतात, रेषेवरच्या अंतराला ‘कोटी’. सावली हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण. भुज ३०, कोटी ४०, कर्ण ५०.

आता फरक पाहा. मुलांनी एका आकड्याने दुसऱ्याला भागले होते. सिद्धान्तकार भुजाला कोटीने भागत नाहीत. ते भुजाला कर्णाने भागतात आणि त्रिज्येने गुणतात. जे मिळते ती ‘दिग्ज्या’, म्हणजे दिशेच्या कोनाची ज्या. ज्या म्हणजे आपल्या आजच्या साइनला त्रिज्येने गुणून येणारी लांबी. कर्ण नेहमी धनच असतो आणि सावली असेतोवर शून्य होत नाही. त्यामुळे शून्याने भागण्याचा प्रसंग येत नाही, आणि भुज उत्तरेचा की दक्षिणेचा, कोटी पूर्वेची की पश्चिमेची, या नोंदी शेवटपर्यंत वेगवेगळ्या राहतात.

नऊ आकड्यांचे कोष्टक

ज्या मिळाली, पण कोन कसा काढायचा? त्यासाठी कोष्टक हवे. सिद्धान्तशिरोमणीत दोन कोष्टके आहेत. मोठ्यात ३४३८ त्रिज्या धरून ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ ज्या दिल्या आहेत. ३४३८ हा आकडा विचित्र वाटतो. पण पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कलांना दोन पायने भागले, की हाच येतो. म्हणजे कोन आणि लांबी एकाच एककात मोजण्याची ती युक्ती आहे.

दुसरे कोष्टक झटपट कामासाठी. त्रिज्या १२०, अंतर दहा-दहा अंशांचे आणि आकडे फक्त नऊ: २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. ही झाली ज्याखंडे, म्हणजे लागोपाठच्या ज्यांमधले फरक. बेरीज करत गेले, की १० अंशांची ज्या २१, २० अंशांची ४१, ३० अंशांची ६०, असे करत ९० अंशांची १२० येते. गणनयंत्रावर १२० गुणिले साइन काढून पाहा; सगळे आकडे जवळच्या पूर्णांकापर्यंत बरोबर आहेत.

आपल्या सावलीची दिग्ज्या: ३० × १२० ÷ ५० = ७२. यातून खंडे वजा करत जायचे. ७२ मधून २१, २० आणि १९ गेले, बाकी १२. तीन खंडे गेली म्हणजे ३० अंश झाले. पुढचे खंड १७ चे, ते पूर्ण जात नाही. म्हणून उरलेल्या १२ ला १० ने गुणून १७ ने भागायचे: ७.०६. एकूण ३७.०६ अंश. आजचे अचूक उत्तर ३६.८७. पाठ करता येतील अशा नऊ आकड्यांवर फक्त पंचमांश अंशाची चूक!

भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. खंडे एकसारखी नाहीत, उतरती आहेत. मग १७ चे खंड जसेच्या तसे वापरणे योग्य नाही. गेलेल्या आणि पुढच्या खंडांची सरासरी घेऊन त्यात बाकीच्या प्रमाणात दुरुस्ती करावी, अशी ब्रह्मगुप्तांपासून चालत आलेली सुधारणा तेही देतात. आपल्या उदाहरणात १७ च्या जागी साधारण १७.३ येतात आणि कोन ३६.९४ होतो. चूक एक-तृतीयांशावर आली.

राहिला प्रश्न चार बाजूंचा. त्याचेही उत्तर ग्रंथात तयार आहे, कारण ग्रहांची स्थिती काढताना कोन पूर्ण वर्तुळात फिरतो आणि कोष्टक तर पाव वर्तुळाचेच. म्हणून वर्तुळाची चार पदे कल्पिली आहेत, प्रत्येक तीन राशींचे, म्हणजे ९० अंशांचे. पहिल्या पदात कोन तसाच घ्यायचा, दुसऱ्यात सहा राशींतून वजा करायचा, तिसऱ्यात त्यातून सहा राशी वजा करायच्या, चौथ्यात बारा राशींतून तो वजा करायचा. आपल्याला हाच नियम उलट वापरायचा आहे. क्ष, य दोन्ही धन असतील तर दिशा ३७ अंश; क्ष ऋण, य धन असेल तर १८० – ३७ = १४३; दोन्ही ऋण असतील तर १८० + ३७ = २१७; क्ष धन, य ऋण असेल तर ३६० – ३७ = ३२३. मुलांनी या चार ओळी आपल्या आज्ञावलीत घातल्या. मावळ्याने १४३ अंशांकडे, म्हणजे वर डावीकडे, शत्रूच्या रोखाने तोंड केले.

दुसरी वाट

मग टॅनची वाट आली कुठून? तीही सावलीचीच आहे. भारतीय ‘ज्या’ आठव्या शतकापासून अरबी ज्योतिर्विदांकडे गेली. ‘जीवा’चे ‘जीबा’ झाले, ते ‘जैब’ असे वाचले गेले आणि लॅटिन भाषांतरात त्याचे ‘सायनस’ झाले. आपला साइन तो हाच. अरबी विद्वानांनी त्याला जोड दिली ती शंकूच्या सावलीच्या स्वतंत्र कोष्टकांची. युरोपात या राशीला बराच काळ ‘उम्ब्रा’, म्हणजे सावली, असेच नाव होते. ‘टँजंट’ हे नाव थॉमस फिंके याने १५८३ मध्ये रूढ केले.

भारतातही भुज-कोटीच्या भागाकारावरून थेट कोन काढण्याची रीत पुढे सापडली, ती केरळात. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या माधवांची ही अनंत श्रेणी ‘क्रियाक्रमकरी’ या ग्रंथात मिळते आणि हा ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरची टीका आहे! त्या श्रेणीबरोबर एक मार्मिक सूचना येते: भुज आणि कोटी यांतला जो लहान तो वर घ्यावा. कारण भागाकार एकाहून मोठा झाला तर पदे लहान होत जाण्याऐवजी वाढतच जातात. आपल्या उदाहरणात ३० भागिले ४० चालेल, ४० भागिले ३० चालणार नाही. ही सूचना लक्षात ठेवा, ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

यंत्राने तोच प्रश्न विचारला

१९५६ च्या सुमारास अमेरिकेत कॉनव्हेअर कंपनीतल्या जॅक व्होल्डर यांच्यापुढे बी-५८ या बाँबफेकी विमानाच्या दिशादर्शक यंत्राचे काम आले. आडवे व उभे अंतर दिले असता कोन काढायचा, तोही विमान उडत असताना, सतत. त्या काळच्या यंत्रांना गुणाकारही जड जाई. व्होल्डर यांनी ठरलेल्या लहान-लहान कोनांची एक मालिका घेतली, ज्यांचे टॅन १, १/२, १/४, १/८ असे आहेत: ४५, २६.६, १४, ७.१ अंश वगैरे. रेषा आडव्या अक्षावर येईपर्यंत तिला या कोनांतून कधी मागे, कधी पुढे फिरवायचे आणि फिरवलेले कोन मोजत जायचे. दोनाने भागणे यंत्राला अगदी सोपे. आपले ४० आणि ३० घेतले तर कोन क्रमाने ४५, १८.४, ३२.५, ३९.६, ३६.०, ३७.८ असा हेलकावे खात ३६.८७ कडे येतो. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रीत कॉर्डिक नावाने ओळखली जाते. १९७२ मध्ये आलेल्या एचपी-३५ या खिशातल्या गणनयंत्रातही याच जातीची रीत होती.

आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही भागाकाराचा तो जुना सापळा लवकरच कळला. १९६६ च्या प्रमाणित फॉरट्रॅन भाषेत ‘एटॅन-टू’ नावाचे फल दिसते. नावातला ‘टू’ महत्त्वाचा. भागाकार करून एक आकडा देऊ नका, दोन्ही आकडे चिन्हांसकट माझ्याकडे द्या, मी पद ओळखून कोन सांगतो, असे हे फल म्हणते. पण सगळ्याच भाषांत ही सोय नव्हती. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्याला जॉयस्टिक जोडता येई, तिचे आकडे वाचता येत. पण त्याच्या बेसिक भाषेत कोन काढायचा तर एकच आकडा घेणारे फल होते. चार पदांचा विचार स्वतःच करावा लागे. मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या स्क्रॅच भाषेतले टॅनचे व्यस्त फलही एकच आकडा घेते. धुळ्याच्या मुलांचा मावळा तिथेच फसला होता.

१९९३ साली आलेल्या ‘डूम’ या गाजलेल्या खेळाचे उदाहरण तर पाहण्यासारखे आहे. त्यातल्या राक्षसांना खेळाडूच्या दिशेने तोंड करावे लागते. १९९७ मध्ये त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा आत काय होते हे कळले. त्यात २०४९ कोनांचे एक कोष्टक आहे आणि ते फक्त ० ते ४५ अंशांचे. आधी चिन्हे पाहून पद ठरवायचे, मग दोन आकड्यांतला लहान कोणता ते पाहून तो वर घ्यायचा, भागाकार करायचा आणि कोष्टकात पाहायचे. पदांची विभागणी, कोष्टक आणि ‘लहान तो वर’: तिन्ही गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत.

सावली नसते तेव्हा

एक प्रसंग मात्र असा आहे की तिथे कोणतीच रीत चालत नाही. खानदेशात मे महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत एक दिवस असा येतो, की मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग आडवे येतात. त्या क्षणी भुज शून्य, कोटी शून्य, कर्णही शून्य. दिशा कोणती? प्रश्नालाच अर्थ नाही. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हणून अनंत मानले. पण इथे तर भाज्यही शून्य आहे.

दांडी सोडून दिली की खेळातही हेच होते. एटॅन-टू अशा वेळी बहुतेक भाषांत शून्य अंश असे उत्तर देते आणि बेसावध आज्ञावलीतला गडी दर वेळी उजवीकडे वळून उभा राहतो. शिवाय खरी दांडी मध्यावर तंतोतंत परतत नाही. एक-दोन आकडे इकडेतिकडे उरतात आणि त्यांवरून काढलेली दिशा थरथरत राहते. सावली ५० सेंटिमीटर असताना टोक मोजण्यात एक सेंटिमीटर बाजूला चूक झाली तर दिशा जेमतेम एका अंशाने चुकते. सावली ५ सेंटिमीटरची असेल तर त्याच चुकीने ११ अंशांचा फरक पडतो. म्हणून जाणते आज्ञावलीकार आधी कर्ण मोजतात. तो फार लहान असेल तर दोन्ही आकडे बाजूला ठेवून आधीची दिशा कायम ठेवतात. कधी उत्तर काढू नये हे ठरवणे, हाही गणिताचाच भाग आहे.

“म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं?”

शिबिराच्या शेवटी एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे भास्कराचार्यांना हे सगळं आधीच माहीत होतं ना?”

शिक्षकांपुढे हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याचे सोपे उत्तर देण्याचा मोह होतो. मी तिला नाही म्हणालो. त्यांना संगणक माहीत नव्हता, कॉर्डिक माहीत नव्हते, आणि व्होल्डर यांनी आपली रीत पाटणच्या मठातून घेतली असे दाखवणारा कोणताही धागा नाही. त्यांना माहीत होता तो प्रश्न. प्रश्न तोच असला आणि भूमितीही तीच असली, की वेगवेगळ्या काळातली माणसे सारख्याच खाचखळग्यांतून जातात आणि पुष्कळदा सारख्याच युक्त्या शोधतात. हे साम्य कौतुकाचे आहे, पण तो वारसाहक्काचा दाखला नव्हे. साइनच्या बाबतीत मात्र धागा खरोखर आहे, आणि तो सांगायला मुळीच संकोच नको.

वारशाची खरी गोष्ट वेगळीच आहे. भास्कराचार्यांनंतर सुमारे पावणेचारशे वर्षांनी, १५२० मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला. ते स्वतः मोठे गणिती होते. पण पंचांग करणाऱ्यांचे कष्ट वाचावेत म्हणून त्यांनी या ग्रंथात ज्या आणि चाप यांचे गणितच काढून टाकले आणि त्याऐवजी सोप्या रीती दिल्या. ग्रहलाघव महाराष्ट्रात घरोघरच्या ज्योतिषांकडे पोचला, शतकानुशतके चालला. सोय फार झाली. पण रीत कशी आली हे न कळताही पंचांग तयार होऊ लागले, आणि ज्याला ज्या म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याला बदलत्या आकाशाशी ताळा पाहून रीत सुधारणे कसे जमावे?

एटॅन-टू हे आपल्या काळातले ग्रहलाघव आहे. ते जरूर वापरावे. वेळ वाचतो, चुका टळतात. पण एकदा तरी मुलांनी मैदानात काठी रोवून, भुज-कोटी मोजून, नऊ खंडांच्या कोष्टकावरून हाताने दिशा काढावी आणि होकायंत्राशी ताडून पाहावी. एक काठी, दोरी, मोजपट्टी आणि थोडा वेळ एवढेच लागते. आपापल्या गटाचे उत्तर किती अंशांनी चुकले आणि का, हे त्यांना लिहायला सांगावे. नंतर तेच आकडे संगणकाला द्यावेत.

पाटणला आज मठ नाही. बाजारातल्या मालावरचा कर लावून दिला होता तो ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नव्हे, तर शिकवण्यासाठी. तो खर्च आता आपल्या शाळांच्या मैदानावर व्हायचा आहे. त्या मुलांच्या खेळात शिबिराहून निघताना मी पुन्हा डोकावलो. दांडी सोडली तरी मावळा शत्रूकडेच तोंड करून उभा होता.